दोन हजारांचा सल्ला: कंपनी विकली गेल्यावर मी दादरला कुणाकडे गेले

पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो सासूबाईंच्या मेडिक्लेमपायी, त्याचं पुढे येईलच.

जागा दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या एका गल्लीत, खाली साड्यांचं दुकान आणि वर लाकडी जिना. जिना अंधारा आहे. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, दोन गोदरेजची कपाटं, एक टेबल, आणि टेबलामागे सर. वय सदुसष्ट. आयुष्यभर कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढलं, आता निवृत्तीनंतर लोकांची नेमणूकपत्रं, पीएफ, ग्रॅच्युइटी असली कागदपत्रं वाचून देतात. पहिल्या भेटीचे दोन हजार. वेळ एक तासाची, प्रत्यक्षात मला एक तास चाळीस मिनिटं दिली. त्यातली बारा मिनिटं गिरणी संपावर गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते विशीत होते आणि वडील लालबागच्या गिरणीत, त्यामुळे तो विषय निघाला की थांबत नाही. मी घड्याळ बघितलं तेव्हा स्वतःच म्हणाले, "ताई, हा वेळ तुमच्या बिलात नाही."

आता मी का गेले ते.

मी मरोळच्या एमआयडीसीत एका व्हॉल्व्हच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. ११ जून २००७ ला लागले, तेव्हा मुलगी बालवाडीत होती. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो, मरोळ नाका. इतक्या वर्षांत माझा डबा, माझी खुर्ची आणि बँक रिकन्सिलिएशनची एक्सेल शीट कुणी हलवली नव्हती. २०२५ च्या गणपतींचं विसर्जन झालं आणि पुढच्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या. टाउनहॉल. मूळ मालकांनी आमचा व्हॉल्व्हचा विभाग एका मोठ्या कंपनीला विकला. स्टेजवर नव्या मालकांचे साहेब म्हणाले, "तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही." हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर माझ्या शेजारी बसलेले स्टोअरचे काका पुटपुटले, "चला, म्हणजे बदलणार."

मग आला मदत कक्ष. नव्या मालकांनी बाहेरच्या एका एजन्सीला नव्वद दिवसांसाठी नेमलं होतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर टेबल, दोन फुगे, चॉकलेटचा वाडगा, क्यूआर कोडचा स्टँड आणि पंचविशीतला एक गोड मुलगा. प्रत्येकाला एक किट: स्टीलची बाटली, वही, गळ्यात घालायची पट्टी. बाटली चांगली आहे, अजून वापरते. बाकी या सेवेला मी दीड तारा देईन, आणि तोही त्या मुलाच्या स्वभावाला. काहीही विचारा, तो म्हणायचा, "मॅम, प्लीज तिकीट रेज करा." तिकीट टाकलं की मेल यायचा, आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे. तीन दिवसांनी दुसरा मेल, आपलं तिकीट बंद करण्यात आलं आहे, आपला अनुभव कसा होता? मी चार तिकिटं टाकली. चौथं फक्त एवढंच होतं: माझी नोकरी २००७ पासून धरणार की १ जानेवारी २०२६ पासून? तेही बंद झालं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकिटं आली. आत दोन कागद. एक, जुन्या कंपनीला उद्देशून राजीनामा, टाइप केलेला, फक्त सही बाकी. दुसरा, नव्या कंपनीचं नेमणूकपत्र, रुजू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६. वीस तारखेपर्यंत दोन्हीवर सही करून द्या. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, फॉर्मॅलिटी आहे." त्यांच्याही हातात तसंच पाकीट होतं, हे मला नंतर कळलं.

त्या शनिवारी, १३ डिसेंबरला, मी दादरला गेले. पत्ता आमच्या डिस्पॅचच्या मित्राने दिला. त्याच्या मेव्हण्याची कंपनी दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती.

सरांनी चहा विचारला नाही, बसा म्हणाले आणि पहिला प्रश्न केला, "शेअर विकलेत की धंदा विकलाय?"

मला अकाउंट्समध्ये असूनही चटकन उत्तर देता आलं नाही. त्यांनी समजावलं ते चाळीच्या भाषेत. चाळीचा मालक बदलला की भाडेकरू तिथेच राहतो, खोली तीच, भाडेपावतीही चालू राहते. शेअर विकले की तसंच होतं. कंपनी तीच, पॅन आणि टॅन (पगारातून कर कापणाऱ्याचा क्रमांक) तेच, तुमचं नेमणूकपत्र तेच, फक्त वरचा मालक वेगळा. तेव्हा नव्या पत्राची गरजच नसते, कुणी राजीनामा मागितला तर का मागतोय ते विचारायचं. पण नुसता विभाग विकला, म्हणजे स्लम्प सेल केला, की तुमचं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या चाळीत नेतात. मालक कायद्यानेच बदलतो. तिथे तुम्ही काय लिहून देता आणि ते काय लिहून देतात, यावर पुढची सगळी वर्षं उभी राहतात. तिसरा प्रकार विलीनीकरणाचा. तो एनसीएलटी म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो, आमच्या मुंबईचं कफ परेडला. त्या योजनेच्या कागदात कर्मचाऱ्यांवर एक परिच्छेद असतो, त्यात बहुधा सेवा अखंड आणि अटी आधीपेक्षा कमी नाहीत असं लिहिलेलं असतं. तो परिच्छेद मागून घ्यायचा.

आमचा प्रकार दुसरा. विभाग विकला होता.

मग त्यांनी लाल पेन काढलं. या माणसाची खरी सेवा म्हणजे हे लाल पेन आहे. नेमणूकपत्राची सहा पानं त्यांनी ओळ न ओळ वाचली, मोठ्यानं, बोट ठेवून, जसं पूर्वी पोस्टमन लोकांना पत्र वाचून दाखवायचे तसं. मी ते पत्र चार वेळा वाचलं होतं. मला त्यात फक्त पगाराचा आकडा दिसला होता.

पहिलं वर्तुळ रुजू होण्याच्या तारखेभोवती. मला विचारलं, बेसिक किती? एकतीस हजार दोनशे. त्यांनी पाठच्या कागदावर हिशेब मांडला: ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिकचे सव्वीसातले पंधरा भाग, म्हणजे माझे अठरा हजार, गुणिले वर्षं. ३१ डिसेंबरला माझी १८ वर्षं ६ महिने २० दिवस भरत होते. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १९. तीन लाख बेचाळीस हजार. "आता नव्या तारखेनं मोजा," म्हणाले. शून्य. आणि कायम नोकरीवाल्याला ग्रॅच्युइटी लागायला पाच वर्षं लागतात, तोवर मी बावन्नची होणार.

राजीनामा दिला की जुन्या मालकांनी हे पैसे हातात द्यायला हवेत, ते देणार का, असं मी विचारलं. देतीलही, म्हणाले, पण मग तुमची १९ वर्षं तिथेच संपली. पुढे नव्यांनी कधी कमी केलं तर नुकसानभरपाई सुद्धा १ जानेवारीपासून मोजतील. म्हणून दोन्हीपैकी काय घेताय ते डोळे उघडे ठेवून ठरवायचं. एक तर जुना हिशेब पूर्ण चुकता करून नवी सुरुवात, नाहीतर सेवा अखंड आणि जबाबदारी नव्याच्या डोक्यावर. राजीनामाही द्यायचा आणि हिशेबही "पुढे बघू", हा तिसरा मार्ग सगळ्यात वाईट, आणि तुमच्या पाकिटात नेमका तोच आहे.

कायद्याचं त्यांनी थोडक्यात सांगितलं, पण नेमकं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ होतं. धंदा दुसऱ्याकडे गेला तर वर्षभर तरी नोकरी झालेल्या कामगाराला कपातीसारखी नोटीस आणि भरपाई मिळायला हवी. ती टळते फक्त तीन गोष्टी जुळल्या तर: नोकरीत खंड नाही, अटी आधीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे कधी कमी केलंच तर नवा मालक सगळी सेवा धरून भरपाई देणार. हीच तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आली आहे. कामगार कायद्यांच्या नव्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या, म्हणजे मी गेले तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. सरांच्या टेबलावर त्यांचे प्रिंट होते, कोपरे दुमडलेले. या वयात माणूस नवा कायदा पेन्सिलीनं खुणा करत वाचतोय, यासाठी मी अर्धा तारा वेगळा दिला असता.

"पण सर, मी असिस्टंट मॅनेजर आहे," मी म्हटलं. "कामगार थोडीच?"

हसले. "हे पद कधी मिळालं?"

"२०१९ ला."

"पगार किती वाढला?"

तेव्हा पगार वाढला नव्हता. वाढ देता येत नाही म्हणून पद दिलं होतं, आणि मी पेढे वाटले होते. मग एकामागून एक प्रश्न. तुमच्या हाताखाली किती माणसं? एकही नाही. कुणाची रजा मंजूर करता? नाही. कुणाला ठेवायचं-काढायचं ठरवता? स्वतःची रजा मंजूर करून घेताना नाकी नऊ येतात. मग दिवसभर काय करता? व्हाउचर, बँक, जीएसटीची जुळणी. तर न्यायालय पाटीवरचं पद बघत नाही, रोजचं काम काय ते बघतं, म्हणाले. हक्कानं कामगार आहात असं मी छातीठोक सांगणार नाही, पण नाही असं त्यांनाही सांगता येणार नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, कामगाराला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे पाठवता येत नाही. नको म्हणणाऱ्याला भरपाई देऊन मोकळं करायचं. तो वाद कोलकात्याच्या कारखान्याचा होता, तिथला धंदाही असाच दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. म्हणजे तुमची सही ही निव्वळ फॉर्मॅलिटी नाही, तिला भाव आहे. तो भाव काय लावायचा तेवढं बघा.

पगाराची चलाखी मात्र मी स्वतः पकडली, हे अभिमानानं लिहिते. तीही सरांकडे जाताना, कुर्ला आणि शीवच्या मधे, खिडकीशी उभी असताना. पत्रात लिहिलं होतं, वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर येणारा एकूण खर्च, ८,१६,०००, सध्याइतकीच. आणि खरंच, माझा महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, ६८ हजार, बारानं गुणलं की ८,१६,०००. मी खूष. मग परिशिष्ट उलटलं. त्या ८,१६,००० च्या पोटात कंपनीचा पीएफचा वाटा होता, बेसिकच्या १२ टक्के, महिना ३,७४४. आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी, १,५०१. आमच्या जुन्या कंपनीत या दोन्ही गोष्टी ग्रॉसच्या बाहेर होत्या. म्हणजे आकडा तोच ठेवून महिन्याला ५,२४५ रुपये काढून घेतले होते, आणि वर लिहिलं होतं, "अटींमध्ये कोणताही बदल नाही."

सरांना दाखवलं तर त्यांनी लाल पेन माझ्याच हातात दिलं, "तुम्हीच करा वर्तुळ." शिवाय एक भर घातली. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. माझं बेसिक निम्म्याहून कमी आहे. ढोबळ मानानं ६८ हजारांचे निम्मे ३४ हजार धरले तर ग्रॅच्युइटीचा तोच हिशेब तीन लाख बहात्तर हजारांवर जातो. तीस हजारांचा फरक एका व्याख्येत. हे वसूल होईल का असं मी विचारलं तर म्हणाले, आत्ताच भांडू नका, पण बेसिक कमी करणारा कोणताही कागद आला तर सही करू नका.

बाकीच्या वर्तुळांबद्दल पटकन. नोटीस एक महिन्याची तीन महिने झाली होती. कंपनी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही अशी अट होती. त्यावर ते चक्क खुसखुसले, १८७२ चा करार कायदा, कलम २७, नोकरी सोडल्यानंतर पोटापाण्याचा धंदा अडवणारी अट टिकत नाही, त्यापायी झोप घालवू नका. बदली भारतात कुठेही. यावर मात्र हसले नाहीत.

पीएफचं त्यांनी जे करून घेतलं ते मला आज सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण घरी जाऊन मी ते कधीच केलं नसतं. माझ्याच मोबाइलवर पासबुक उघडायला लावलं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच, पण खाली सदस्य क्रमांक नवा पडणार. जुन्या क्रमांकावर बाहेर पडल्याची तारीख ३१ डिसेंबर आणि नव्यावर रुजू १ जानेवारी, मधे एक दिवसाचाही खड्डा नको. शिल्लक जुन्यातून नव्यात वळवायची, काढायची नाही, कितीही मोह झाला तरी. काढली की पेन्शनची वर्षंही तुटण्याचा धोका, आणि पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. त्यात एक गोष्ट सापडली. माझं नाव पीएफमध्ये माहेरच्या आडनावानं, आधारवर सासरच्या. अठरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी अकाउंट्समध्ये! ते दुरुस्त करायला जुन्या मालकाची मंजुरी लागली, आणि जुन्या मालकाचं एचआर तेव्हा अजून जागेवर होतं. महिन्याभरानं गेले असते तर कुणाच्या दारात उभी राहिले असते कोण जाणे.

आणि घरचा अभ्यास. जुन्या कंपनीचं पगाराचं पोर्टल ३१ डिसेंबरच्या रात्री बंद होणार होतं. सगळ्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, वाढीची पत्रं उतरवून स्वतःच्या मेलवर. मी रविवारी बसले. पोर्टलवर २०१४ पर्यंतच्या मिळाल्या, त्याआधीच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली. त्यातच मूळ नेमणूकपत्र सापडलं, ११ जून २००७, बेसिक ४,२००. नवरा म्हणाला, फ्रेम कर. मी स्कॅन केलं. दुसरं, ऑफिसचा मेल आयडी कुठे कुठे दिलाय ते शोधणं. बँक, एलआयसी, म्युच्युअल फंड, मुलीचं कॉलेज. एका फंडाचा पासवर्ड बदलायला ओटीपी ज्या पत्त्यावर जाणार होता तो पत्ता सतरा दिवसांनी मरणार होता.

आता तो पाचवा तारा. जुन्या गट विम्यात सासूबाई होत्या. वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मी सरांना विचारलं, नव्या ठिकाणी आई-वडील घेतले नाहीत तर? ते म्हणाले, "आधी नवी पॉलिसी तर येऊ द्या, मग बघू." नवी पॉलिसी आली, आई-वडील नव्हते. ४ जानेवारीच्या आठवड्यात मी विमा कंपनीच्या ऑफिसात गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत येता आलं असतं, जुनी वर्षंही धरली असती, पण अर्ज गटातून बाहेर पडायच्या आधी हवा होता. आता नव्यानं घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गुडघे तीन वर्षं कसे थांबणार? ऑपरेशन खिशातून केलं. सरांना फोन करून सांगितलं तर एक क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता वहीत लिहून ठेवतो, पहिल्या भेटीत विचारायचं." लिहिलं असेल. तरी तारा परत देत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली नाही, पण ती माझी मलाच माहीत असायला हवी होती. टॅन बदलला की वर्षात दोन फॉर्म १६. आधीच्या नऊ महिन्यांचा पगार नव्याला फॉर्म १२ बीनं कळवला नाही, तर नवा तुम्हाला तीनच महिन्यांचे कमावते समजून कर कापतो, सगळ्या सवलती पुन्हा देतो, आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना तुमच्या पोटात गोळा येतो. आमच्या मजल्यावर मी सगळ्यांना बसवून तो फॉर्म भरून घेतला. रजेचंही तसंच. शिल्लक ६३ दिवस होते. नोकरी चालू असताना पैसे घेतले की पगारासारखा कर, सोडताना मिळाले तर २५ लाखांपर्यंत सूट. मी दिवस पुढे न्यायला सांगितले.

सल्ल्याचा परिणाम काय झाला, तर सरांनी मसुदा बनवून दिला, सात ओळींचा, मराठीत. इंग्रजी मी केलं. त्यात आरडाओरड नव्हती. एवढंच की राजीनाम्याऐवजी बदली स्वीकारल्याचं पत्र द्यायची तयारी आहे, मात्र सेवा ११ जून २००७ पासून अखंड धरल्याचं आणि सध्याच्या अटी कमी होणार नसल्याचं लेखी हवं. आमच्यापैकी अकराजणांनी तोच मेल आपापल्या नावानं पाठवला, एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या वेळी. हीही सरांचीच सूचना, "मोर्चा वाटता कामा नये." नऊ दिवसांनी सगळ्यांचीच पत्रं बदलून आली, मेल न पाठवलेल्यांचीही. सेवा अखंड, तारीख जुनी, राजीनामा गायब. सीटीसीतून ग्रॅच्युइटीची ओळ गेली. पीएफचा ३,७४४ तसाच राहिला, त्यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे. स्टोअरच्या काकांनी तोवर पहिल्याच कागदावर सही करून टाकली होती. त्यांचा राजीनामा परत मिळवायला सर स्वतः मरोळला आले, वेगळे पैसे न घेता.

ज्यांना पुढचं काय होतं ते जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी: पहिल्या महिन्यात चहाचं मशीन आणि गळ्यातली पट्टी बदलते. दुसऱ्या महिन्यात पुण्याच्या केंद्रातून दोन मुली येतात आणि तुम्ही जे करता ते पायरीपायरीनं लिहून द्या म्हणतात. याला ते केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. हुशार मुली होत्या, मनापासून शिकल्या. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, केटी मागितली म्हणजे नोकरी गेलीच असं नाही, पण कुणी, कधी, काय मागितलं ते तारखेनिशी घरच्या वहीत लिहा. मार्चमध्ये पर्चेसच्या दोघांना कमी केलं, त्यांचा फुल अँड फायनल म्हणजे शेवटचा हिशेब झाला. त्यांच्या पत्रात जुनी तारीख असल्यामुळे दर वर्षामागं पंधरा दिवसांची भरपाई पूर्ण सेवेवर मिळाली. एकाला तेरा वर्षांची, दुसऱ्याला बावीस. ज्या खात्यांची माणसं नव्या मालकाकडे आधीच आहेत, म्हणजे पर्चेस, एचआर, आयटी आणि आम्ही, तिथे पाणी आधी शिरतं. टेस्टिंग बेंचवरचे फिटर सगळ्यात निवांत आहेत, कारण तो व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे गेली तेव्हा सरकारनं अटच घातली होती, वर्षभर कुणाला काढायचं नाही, दुसऱ्या वर्षी काढायचं तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची. आमच्यासारख्या दोन कंपन्यांच्या आपसातल्या सौद्यात तसलं काही असलं तरी ते आपल्याला दाखवत नाहीत. मी विचारलं होतं, अर्थातच तिकीट टाकून.

एप्रिलपासून ऑफिस ऐरोलीला गेलं. मला खरं तर बरं पडलं, ठाण्याला गाडी बदलली की झालं. विरारहून येणारा डिस्पॅचचा मित्र, ज्यानं मला दादरचा पत्ता दिला, तो रोज पाच तास प्रवासात घालवतो आणि नवी नोकरी शोधतोय.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद. शनिवारी चारच्या आधी जा, नंतर खाली साड्यांच्या गिऱ्हाइकांतून जिन्यापर्यंत पोचणं मुश्कील. फोन करून वेळ घ्या, पण अर्धा तास उशीर गृहीत धरा. नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि पीएफचा पासवर्ड सोबत हवा. यूपीआय घेतात. पावती मागितली तर देतात, स्वतःहून देत नाहीत. मेडिक्लेमबद्दल त्यांनी विचारायची वाट बघू नका, जिना चढता चढताच विचारा.